स्मार्ट टीव्हीने मूल बोलकं होत नाही

शाळेत स्मार्ट टीव्ही लागला की गुणवत्ता वाढणार, हे आम्ही शिक्षण परिषदेत सतत ऐकतो. मला ते पटत नाही. टीव्हीवर कविता लागली की वर्ग रंगतो हे खरं, पण जे मूल आधी गप्प असतं ते तेव्हाही गप्पच राहतं. त्याला काही येत नाही असं नसतं. चुकलो तर सगळे हसतील, या धास्तीने ते तोंड उघडत नाही. त्यामुळे वर्गात कुठलंही साधन आलं की मी एवढंच बघते, यामुळे त्याला न घाबरता चुकता येईल का?

या कसोटीवर मला सगळ्यात आवडलेलं साधन म्हणजे प्लिकर्स हे ॲप. जिल्हा परिषदेच्या शाळेत फोन एकच, तोही बाईंचा, तेवढा पुरतो. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेलं एक कार्ड द्यायचं. त्यावरची काळी आकृती प्रत्येकाची वेगळी. कार्डाची जी बाजू वर धरली ते त्याचं उत्तर: ए, बी, सी किंवा डी. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि सगळ्यांची उत्तरं टिपली जातात. कार्डाच्या बाजूंवरची ही अक्षरं इतकी बारीक की शेजाऱ्याला सहज कळत नाहीत. एरवी 'हात वर करा' म्हटलं की हात तेच ते. इथे सगळे उत्तर देतात.

एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? चौथीच्या वर्गात हा प्रश्न विचारला, तर कितीतरी मुलं एक चतुर्थांश म्हणाली, कारण तीनपेक्षा चार मोठे! मी कोणाचंच नाव घेतलं नाही. भाकरी तिघांत वाटली तर वाटा मोठा की चौघांत, यावर पोरं आपसांत भांडली. पुन्हा कार्डं वर केली तेव्हा बरीच फिरली होती. आपण एकटेच चुकलो नव्हतो, हे मुलांना कळणं मला फार मोलाचं वाटतं.

वाचनासाठी तर फोनमधला साधा रेकॉर्डर बास. मूल उतारा वाचतं, ऐकतं, आपलं वाचन नाही आवडलं तर पुसून पुन्हा वाचतं. महिन्याभराने जुनं आणि नवं वाचन एकामागोमाग ऐकवा, सुधारणा त्याची त्यालाच कळते. वाचन ऐकून चुका दाखवणारी ॲप्सही आहेत, पण तिथे शिक्षक जवळ हवा. आमच्याकडे घरी अहिराणी बोलणारं मूल पाण्याला 'पानी' म्हणतं. त्याची घरची बोली यंत्राने चूक ठरवली, तर ते पुन्हा मिटून जाईल.

आणि पडद्यावर नंबर झळकवणाऱ्या प्रश्नमंजूषा कृपा करून बंद करा. वेगात उत्तर देणारी मुलं त्यात आणखी पुढे जातात, आणि तळाचं नाव साऱ्या वर्गाला दिसतं.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा पुस्तकातल्या क्यूआर कोडची खूप चर्चा झाली. त्या कोडमागचा व्हिडिओ मूल हवा तिथे थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहू शकतं. 'परत सांगा' म्हणायचा संकोच उरत नाही. पण त्यासाठी वडिलांचा फोन संध्याकाळी थोडा वेळ तरी त्याच्या हाती यायला हवा. पालकसभेत मी हेच मागते.

वरिष्ठांकडेही एक मागणं आहे. पुढच्या प्रशिक्षणात ॲप डाउनलोड कसं करायचं यात अख्खा दिवस घालवू नका. उत्तर चुकलेल्या मुलाशी पुढचं वाक्य काय बोलायचं, त्याचा सराव आमच्याकडून करून घ्या.