‘पंचवीस मोहिमा करणारं पहिलं बॉम्बर’: मेम्फिस बेलच्या फॉरवर्डला उत्तर

मे महिना आला की ती पोस्ट येतेच. बी-१७ या अमेरिकन बॉम्बर विमानाचा फोटो, नाकावर टेलिफोनवर बोलणारी स्विमसूटमधली बाई, शेजारी पिवळ्या बॉम्बच्या रांगा, एका मोहिमेमागे एक. खाली मजकूर साधारण असा: ‘मेम्फिस बेल. दुसऱ्या महायुद्धात २५ मोहिमा पूर्ण करणारं पहिलं बॉम्बर. कॅप्टन मॉर्गन आणि त्यांच्या नऊ साथीदारांनी पंचविसाच्या पंचवीस मोहिमा याच विमानातून केल्या. आठ जर्मन विमानं पाडली. खोटं वाटत असेल तर नाकावरच्या खुणा मोजा. (फोटो: इंग्लंड, मे १९४३)’

यंदा ती मला तीन ग्रुपवर आली. त्यातला एक आमच्या, विमानांची छोटी मॉडेलं बनवणाऱ्यांचाच. जी माणसं पंखावरचं एक डिकल (चिकटवायचं चित्र) सरळ बसावं म्हणून संध्याकाळ घालवतात, त्यांनीही ती न वाचता पुढे पाठवली. म्हणून हा उद्योग.

‘पहिलं बॉम्बर’

विमान खरं, मोहिमाही खऱ्या. चूक आहे ती ‘पहिलं’ या शब्दात.

इंग्लंडमधून लढणाऱ्या अमेरिकेच्या आठव्या हवाई दलात मेम्फिस बेलच्या आधी किमान दोन विमानांनी पंचविशी गाठली होती. ९३व्या बॉम्ब ग्रुपचं ‘हॉट स्टफ’ हे बी-२४ लिबरेटर जातीचं बॉम्बर ७ फेब्रुवारी १९४३ला नेपल्सवर जाऊन आलं, ती त्याची पंचविसावी मोहीम. पुढे त्याने एकतीसपर्यंत मजल मारली. मग इंग्लंडमधल्या मोल्सवर्थच्या तळावरचं, ३०३व्या ग्रुपचं ‘हेल्स एंजल्स’. हे बी-१७, म्हणजे बेलचंच भावंड. त्याची पंचविसावी १३ मे १९४३ला झाली. बेलच्या क्रूची १७ मेला. चार दिवसांचा फरक, पण फरक तो फरकच.

मग बेलचंच नाव का झालं? हॉट स्टफला बेलच्या आधीच अमेरिकेला परत पाठवलं होतं. ३ मे १९४३ला, खराब हवेत, ते आइसलंडमध्ये फाग्राडाल्सफ्यालच्या डोंगरावर आदळलं. आत युरोपातल्या अमेरिकन सैन्याचे प्रमुख लेफ्टनंट जनरल फ्रँक अँड्र्यूज होते. पंधरांपैकी चौदाजण गेले, शेपटीतला गनर तेवढा वाचला. हेल्स एंजल्स युद्धातच राहिलं, ४८ मोहिमा केल्या, आणि १९४४च्या जानेवारीत घरी गेलं. युद्ध संपताच ते भंगारात काढलं. बेल मात्र जूनमध्येच अमेरिकेत पोचली आणि शहराशहरांतून मिरवली. शिवाय विल्यम वायलर यांनी लष्करासाठी केलेल्या रंगीत माहितीपटाची ती नायिका होती. वायलर यांची नजर आधी ‘इन्व्हेजन सेकंड’ नावाच्या दुसऱ्याच बी-१७वर होती. ते १७ एप्रिलला ब्रेमेनवर पडलं, तेव्हा कॅमेरा बेलकडे वळला.

ओहायोतल्या डेटन इथे अमेरिकन हवाई दलाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, बेल आज तिथेच आहे. ते दावा नेमका करतात: युरोपवर पंचवीस मोहिमा पूर्ण करून *अमेरिकेला परतलेलं* हवाई दलाचं पहिलं जड बॉम्बर. पोस्टीत या वाक्याचं शेपूट गळालं आहे, आणि सगळा अर्थ शेपटातच होता.

‘दुसऱ्या महायुद्धात पहिलं’ म्हणायचं तर ब्रिटिशांना काय सांगणार? त्यांच्या बॉम्बर कमांडमध्ये क्रूची एक टूरच, म्हणजे नेमून दिलेली पाळीच, तीस मोहिमांची. पुढे तिथल्या पस्तीसएक लँकेस्टर बॉम्बरांनी शंभरी ओलांडली. बेलचा क्रू १७ मेला लोरियाँहून परतला, त्याच्या आदल्या रात्री जर्मनीतली धरणं फोडायला निघालेल्या ब्रिटिश वैमानिक गाय गिब्सनच्या खात्यावर तेव्हाच दीडशेहून जास्त मोहिमा होत्या.

‘पंचविसाच्या पंचवीस, याच विमानातून’

ही गफलत बहुतेकांना कळतच नाही, कारण माणसांची मोजणी आणि विमानाची मोजणी एकच असं आपण धरून चालतो. तळावर तसं कधीच नव्हतं. विमान दुरुस्तीला हँगरमध्ये गेलं की क्रू दुसऱ्या विमानात बसायचा. क्रूला सुट्टी असली की विमान दुसऱ्यांना मिळायचं. भाड्याच्या रिक्षेसारखं, चालक बदलतो, गाडी रस्त्यावरच.

रॉबर्ट मॉर्गन आणि त्यांच्या माणसांनी आपल्या पंचवीसपैकी काही मोहिमा दुसऱ्या बी-१७मधून केल्या. उलट बेलच्या काही मोहिमा दुसऱ्या क्रूने केल्या. सहवैमानिक जेम्स व्हेरिनिस यांचा हिशोब तर वेगळाच. ते मधून मधून स्वतः कॅप्टन म्हणून वेगळं विमान घेऊन जात, त्यामुळे त्यांची पंचविशी बाकीच्यांच्या आधीच भरली. आणि खुद्द विमानाची पंचविसावी मोहीम १७ मेला झालीच नाही. ती १९ मेला कीलवर झाली, आणि त्या दिवशी आत मॉर्गन नव्हते, लेफ्टनंट अँडरसन यांचा क्रू होता.

हे कळायचं कसं? बाईच्या चित्रावरून नाही. सिरियल नंबरावरून. बेलचा नंबर ४१-२४४८५. पहिले दोन आकडे वर्षाचे, म्हणजे १९४१च्या आर्थिक वर्षातली ऑर्डर. शेपटीवर रंगवताना दशकाचा आकडा गाळायची पद्धत होती, म्हणून तिथे १२४४८५ दिसतं. विमानाच्या धडावरची डीएफ-ए ही अक्षरं वेगळी भानगड आहे. डीएफ म्हणजे ३२४वी स्क्वाड्रन, ए म्हणजे त्या स्क्वाड्रनमधलं हे विमान. एखादं विमान पडलं किंवा दुसरीकडे गेलं की तेच अक्षर नव्या विमानाला द्यायचे. म्हणून फोटोत फक्त अक्षरं दिसत असतील आणि तारीख माहीत नसेल, तर ‘हेच ते विमान’ असं छातीठोक सांगू नये.

सिरियल हातात आला की प्रत्येक दिवसाच्या मोहिमेच्या कागदांत तो शोधायचा. कोणतं विमान, कोणता वैमानिक, किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं. अमेरिकनांचे हे कागद मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ब्रिटिशांचं काम याहून सोपं. प्रत्येक स्क्वाड्रनचं ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक असायचं, त्यातल्या फॉर्म ५४१वर प्रत्येक उड्डाणापुढे विमानाचा नंबर आणि माणसांची नावं. ती पुस्तकं लंडनजवळ क्यूच्या अभिलेखागारात आहेत. अर्थात लिहिणारा कारकूनही माणूसच. एक आकडा इकडचा तिकडे झाला की मेलेलं विमान पुढच्या आठवड्यात पुन्हा उडताना दिसतं.

‘आठ जर्मन विमानं पाडली’

पाडल्याचा *दावा* होता, एवढंच म्हणता येतं. तोही खोटेपणाने केलेला नव्हता. वीस बॉम्बर एका घोळक्यात उडताहेत, एक जर्मन लढाऊ विमान मधून झपकन जातं, त्याच्यावर एकाच वेळी डझनभर गनर गोळ्या झाडतात. ते धूर सोडत खाली गेलं की प्रत्येकाला वाटतं, माझाच नेम. ९ ऑक्टोबर १९४२ला लीलवरच्या मोहिमेनंतर अमेरिकन गनरनी ५६ विमानं पाडल्याचं सांगितलं. वरिष्ठांनी छाननी करून आकडा खाली आणला. युद्धानंतर जर्मन नोंदी उघडल्या तेव्हा त्या दिवशीचं नुकसान एक-दोन विमानांपलीकडे जाईना. बेलच्या नाकावरची आठ नाझी चिन्हं याच पद्धतीने जमा झालेली आहेत. तेव्हा ‘आठ’ म्हणा, पण ‘पाडली’ म्हणताना जरा थांबा.

‘खुणा मोजा’ आणि तो फोटो

आधी फोटो. पोस्टीतल्या विमानावर अमेरिकेचं चिन्ह असलेल्या ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आहेत. अमेरिकन विमानांवर या पट्ट्या जून १९४३च्या अखेरीस आल्या. सुरुवातीला त्यांना लाल किनार होती, काही महिन्यांतच ती निळी झाली. बेलने जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इंग्लंड सोडलं. म्हणजे ‘इंग्लंड, मे १९४३’ ही ओळ चूक, यात शंका नाही. फोटो नंतरचा तरी आहे किंवा दुसऱ्याच विमानाचा. आणि दुसरी विमानं आहेतच. १९९०च्या चित्रपटासाठी वेगळ्याच बी-१७वर हे नाव आणि हे चित्र रंगवलं गेलं. त्यातलं इंग्लंडमधलं ‘सॅली बी’ अजूनही एका बाजूला बेलचं चित्र मिरवतं. नेटवरचे कितीतरी रंगीत, झकपक ‘मेम्फिस बेल’ फोटो त्याचेच.

खऱ्या बेलवरचा रंगसुद्धा युद्धातलाच असं धरू नका. युद्धानंतर मेम्फिस शहराने १९४६ला ती ३५० डॉलरला विकत घेतली. मग ती कितीतरी वर्षं उन्हापावसात उघड्यावर उभी होती, लोक तुकडे काढून नेत होते, आणि चित्र वेळोवेळी पुन्हा रंगवलं गेलं. मूळ चित्र टोनी स्टार्सर या सैनिकाने काढलेलं, डाव्या बाजूची बाई निळ्या कपड्यांत, उजवीकडची लाल. आज डेटनला दिसतं ते २०१८ला पुरं झालेलं काळजीपूर्वक पुनर्निर्माण आहे. रंगापेक्षा मला त्यातली एक गोष्ट जास्त खरी वाटते. १९४३च्या दौऱ्यात लोकांनी तिच्या पत्र्यावर कोरलेली आपली नावं डागडुजी करताना सापडली.

रंग किती फसवतो, याचं एक उदाहरण आपल्या पुण्याशी जोडलेलं आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला लिबरेटर बॉम्बर मोडतोड करून टाकून दिले. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी ते दुरुस्त करून उडवले, १९४८ला ५ नंबर स्क्वाड्रन त्यांच्यावर उभी राहिली. पुढे पुण्याच्या ६ नंबर स्क्वाड्रनने समुद्रावर टेहळणीसाठी ते १९६८पर्यंत वापरले. त्यातलं एक १९६९ला भारतातून उडत अमेरिकेत अॅरिझोनाला, टक्सनच्या पीमा संग्रहालयात गेलं. तिथे त्याच्यावर नाव रंगवलं, ‘बंगे बकारू’. हे नाव इंग्लंडमधल्या बंगे तळावरच्या, ४४६व्या ग्रुपच्या वेगळ्याच लिबरेटरचं. टक्सनचं विमान जन्मापासून ब्रिटिशांकडे, मग आपल्याकडे. जर्मनीवर ते कधी गेलंच नाही. संग्रहालय हे लपवत नाही, पण नाकाचा फोटो काढून घेणाऱ्याला पाटी वाचायला वेळ कुठे असतो? तिथे खुणा मोजल्या तर दुसऱ्याच विमानाचं आयुष्य मोजलं जाईल.

माझ्या टेबलावर सध्या बेलचं एक-बहात्तर मापाचं मॉडेल अर्धवट आहे. खोक्यावर तारीख १७ मे १९४३, आत डिकलच्या पानावर बॉम्ब मात्र पूर्ण पंचवीस. दोन्ही एकत्र जमत नाहीत. त्या संध्याकाळी विमानाची पंचविसावी व्हायचीच होती. मी तारीख बदलली आहे. २६ मेला राजा सहावे जॉर्ज आणि त्यांची पत्नी राणी एलिझाबेथ बेलच्या इंग्लंडमधल्या तळावर, बॅसिंगबोर्नला, विमान बघायला आले, तो दिवस धरलाय. तोवर सगळे बॉम्ब कमावून झाले होते. शेवटचा चिकटवताना अँडरसनच्या क्रूची आठवण ठेवली, पोस्टीत त्यांचं नाव कुठेच नाही.