बॅन्फला येताय? मग अस्वलाला भेटूनच जा

कॅनडात, कॅल्गरीत कोणाकडे पाहुणे उतरले की दुसऱ्या दिवशी बॅन्फचा नॅशनल पार्क. हा नियम सरकारने केलेला नाही, पण तो मोडलेला माझ्या पाहण्यात नाही. जेट लॅग उतरायच्या आत मंडळी गाडीत कोंबली जातात, ट्रान्स-कॅनडा हायवेवरून सव्वाशे किलोमीटर जातात आणि संध्याकाळी परत येऊन हिरमुसल्या तोंडानं म्हणतात, "अस्वल काही दिसलं नाही बुवा." ही निराशा टळावी म्हणून थोडं मार्गदर्शन करतो. वर्षाला चाळीस लाखांहून जास्त माणसं या पार्कात येतात आणि त्यातली बरीचशी हे सगळं कुणी न शिकवता करतात. आपली माणसं मागे पडू नयेत, एवढीच तळमळ.

आधी सिंहगडाचा विषय काढा. भेटेल त्याला सांगा की पुण्यात दर रविवारी आमचा सिंहगड असतो, हे डोंगर म्हणजे किरकोळ. बॅन्फ गावच 1400 मीटरच्या आसपास वसलेलं आहे, म्हणजे तिथं फुटपाथवर कॉफी पीत उभा असलेला माणूस सिंहगडाच्या माथ्यापेक्षा उंचावर असतो, आणि लेक लुईजच्या काठावर बाबागाडीत झोपलेलं बाळ तर कळसूबाईच्याही वर, असल्या तपशिलात शिरू नका. जीन्स, कॅनव्हासचे बूट आणि चौघांत मिळून एक पाण्याची बाटली पुरे. जुलैत कसला आलाय बर्फ? (पडतो. पण तो दुसऱ्यांच्या ट्रेकवर पडतो.)

मग बेअर स्प्रे, म्हणजे अंगावर येणाऱ्या अस्वलावर मारायचा फवारा. पन्नासेक डॉलर घालवायचेच असतील तर खुशाल घ्या, पण पिशवीच्या अगदी तळाशी ठेवा. त्यावर जॅकेट, जॅकेटवर डबे, डब्यांवर छत्री. अस्वल समोर आलं की त्याला "एक मिनिट हं" म्हणायचं आणि एकेक वस्तू बाहेर काढायला घ्यायची. कमरेच्या पट्ट्याला स्प्रेचा डबा लावून फिरतात ती माणसं भित्री. याहून धाडसी मार्गही आहे: हे ओडोमॉससारखं काहीतरी असणार असं धरून चालायचं आणि निघायच्या आधी मुलांच्या हातापायांवर फवारून घ्यायचं. आत मिरचीचा अर्क असतो. हसू नका, अंगावर मारून घेणारे महाभाग खरोखर होऊन गेले आहेत.

अस्वल अचानक समोर यावं यासाठी आणखी एक करता येतं: गप्प राहायचं. पार्कवाले सांगतात की चालताना मोठ्यानं बोला, टाळ्या वाजवा, विशेषतः ओढ्याकाठी आणि दाट झुडपांत, कारण तिथं पाण्याच्या आवाजात अस्वलाला तुमची चाहूल लागत नाही आणि दचकलेलं अस्वल वाईट. आयुष्यभर "अरे, हळू बोला जरा" हे ऐकत आलेल्या मराठी माणसाला घसा फोडायची सरकारी परवानगी देणारी ही दुर्मिळ जागा. आणि नेमका इथंच तो कानात इअरबड घालून, निसर्गाशी तादात्म्य पावून, मुकाट चालतो. फारच वाटलं तर दुकानात मिळणारी ती छोटी घंटा बॅगेला बांधा. अस्वलाच्या लेखी तिला फारशी किंमत नाही, पण मागून चालणाऱ्यांचा अंत बघायला ती उत्तम.

साठवलेला आवाज वाया जाऊ द्यायचा नाही. लेक लुईजच्या काठापासून साडेतीनेक किलोमीटर चढून गेलं की लेक ॲग्नेसचं टीहाऊस लागतं. रेल्वे कंपनीनं 1901 साली डोंगर चढणाऱ्यांसाठी निवारा म्हणून बांधलं, 1905 पासून तिथं चहा मिळतो. वीज नाही. जड सामान हंगामाच्या सुरुवातीला हेलिकॉप्टरनं येतं. रोजचा ताजा माल तिथं काम करणारी पोरं पाठीवर वाहून आणतात आणि कचराही पाठीवरूनच खाली नेतात. अशा ठिकाणी पोचल्यावर काय करावं? आलं ठेचून घातलेला, दूध जास्त, चांगला उकळलेला चहा मागावा. तसा मिळत नाही म्हटल्यावर "एवढं नाव ऐकलं होतं" असं आपसात, पण त्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणावं. मग घरून आणलेली भाकरवडी त्यांच्याच टेबलावर फोडावी, ब्लूटूथवर गाणी लावावीत आणि रिकामं पाकीट तिथंच ठेवून उठावं. नेईल कुणीतरी पाठीवरून, सवय असते त्यांना.

भाकरवडीतली थोडी खारीला ठेवा. लेक लुईजच्या आसपास जमिनीत बिळं करून राहणारी एक खार आहे. मागच्या दोन पायांवर उभी राहते, पुढचे दोन छातीशी जुळवते आणि तुमच्याकडे असं बघते की आत्याबाईंच्या पर्सचं झाकण आपोआप उघडतं. वर्षातले सात-आठ महिने ती बिळात झोपून काढते. उरलेल्या चार-पाच महिन्यांत गवत, फुलं आणि बिया खाऊन अंगावर चरबी चढवायची असते. त्या घाईच्या दिवसांत तिला मीठ-मसाला घातलेली भाकरवडी देण्याइतका प्रेमळ प्राणी माणसाशिवाय दुसरा नाही. ती बोटाला चावली तर तिचं आपलेपण समजावं.

खारीवर हात बसला की एल्ककडे वळा. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या गोतावळ्यातलं, पण वजनाला तीनशे किलोच्या पुढचं हरीण. सप्टेंबरात त्यांचा माजाचा काळ असतो. नर गावात, गोल्फच्या मैदानावर, कुठंही उभे राहून शिट्टी घातल्यासारखे ओरडतात. नियमानं तीस मीटर लांब राहायचं. अस्वल आणि लांडगा असेल तर शंभर. लोकांना कळावं म्हणून हे बसच्या लांबीत समजावतात: एल्कपासून तीन बस, अस्वलापासून दहा. हे ठरवणाऱ्यानं संध्याकाळी सहाला स्वारगेटवरून पीएमपी पकडलेली नसणार. पकडली असती तर तीन बसमध्ये किती जीव मावतात ते त्याला कळलं असतं. तेव्हा तुम्ही पुढे व्हा. काकांना एल्कच्या शेजारी उभं करा, "अजून थोडं मागं, अजून थोडं" म्हणत राहा. एल्कचे कान मागे पडले, मान उंचावली, वरचा ओठ वर गेला आणि दात दिसले, की तो फोटोसाठी हसतोय असं समजून बटण दाबा. काकांची विमा पॉलिसी मात्र त्याआधी एकदा वाचलेली बरी.

आता मुख्य पाहुणा. 6,641 चौरस किलोमीटरच्या या पार्कात साधारण साठ-पासष्ट ग्रिझली जातीची अस्वलं, म्हणजे एकेकाच्या वाट्याला शंभरेक चौरस किलोमीटर. त्यातून तुम्हाला 122 नंबरचाच हवा, तो 'द बॉस' म्हणून ओळखला जाणारा, आगगाडीची धडक खाऊनही उठून चालू लागलेला. असो, कुठलंही अस्वल रस्त्याकडेला दिसलं की गाडी आहे तिथं थांबवा. मागच्यांनी हॉर्न दिला तर तो अस्वलासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. दार उघडा, मुलांना उतरवा, चटणी-सँडविचचा डबा सीटवर उघडाच ठेवा. पाच मिनिटांत तिथं चाळीस गाड्या उभ्या राहतात. याला इथं बेअर जॅम म्हणतात. अस्वल बिचारं सगळा वेळ खाली मान घालून रानफळं ओरबाडत असतं, झोपायच्या आधी पोट भरायचं एवढंच त्याच्या डोक्यात. हाक मारल्याशिवाय ते वर बघणार नाही. मारा हाक.

कॅम्पिंगला राहणार असाल तर उरलंसुरलं जेवण रात्री बाहेरच असू द्या. कुलूपबंद पेट्या कशाला असतात कुणास ठाऊक. 2016 च्या उन्हाळ्यात बो नदीच्या खोऱ्यातल्या लांडग्यांच्या कळपाला असाच पाहुणचार मिळाला. तंबूंजवळचं अन्न आणि कचरा खाऊन त्यांची माणसांची भीती मोडली, ते माणसांपर्यंत येऊ लागले. शेवटी पार्कच्याच लोकांनी कळपातली पिल्लांची आई गोळी घालून मारली आणि काही आठवड्यांनी आणखी एका मादीला मारलं. ज्यांच्या ताटातलं त्यांनी खाल्लं ते तोवर घरी पोचून फोटो निवडत होते.

दंडाची काळजी करू नका. प्राण्यांना खायला घालणं किंवा त्रास देणं याला जास्तीत जास्त पंचवीस हजार डॉलर आहेत, आणि ड्रोन उडवण्यालाही तेवढेच. रुपयात गुणाकार करू नये, ट्रिपचा मूड जातो.

मोरेन लेक राहून गेला. तिथं 2023 पासून खाजगी गाडी नेऊ देत नाहीत, शटल आधी बुक करावी लागते. तुम्ही बुक करू नका. अडवणाऱ्या मुलीला सांगा की आम्ही भारतातून आलो आहोत, फक्त पाच मिनिटं. तिनं ते त्या दिवशी आणखी कुणाकडून ऐकलं असण्याची शक्यताच नाही.

परतीच्या वाटेवर हायवेवरून आडवे जाणारे, वर झाडं उगवलेले पूल दिसतील. असे सहा आहेत, शिवाय खालून जाणारे अडतीस भुयारी मार्ग आणि दोन्ही अंगांना उंच कुंपण. प्राण्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून केलेली ही सोय. कुंपण आणि पूल झाल्यावर गाड्यांखाली येणारे एल्कसारखे प्राणी ऐंशी टक्क्यांहून जास्त घटले. ग्रिझलींना त्या पुलांवर विश्वास बसायला काही वर्षं लागली, पण शिकले. सूर्यास्ताचा फोटो वरून काय झकास येईल, हे तुमच्या मनात आलं असणारच. माणसांना तिथं मनाई आहे, तरी कुंपण बघून ठेवा. वर पोचलात तर चेहरा मात्र नीट ठेवा, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या प्राण्यांची नोंद घ्यायला तिथं कॅमेरे बसवलेले असतात, आणि अस्वल, लांडगा, एल्क यांच्यानंतरचा फोटो तुमचा असेल.