रावांचं श्रेय रावांना द्या, पण बाबासाहेबांचं हिसकावून नको

भाचीनं शाळेतल्या भाषणासाठी वहीत उतरवून घेतलेला मजकूर काल मला वाचून दाखवला आणि माझं डोकंच तापलं. व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरणारा तोच मेसेज: राज्यघटना खरी लिहिली बी. एन. राव यांनी, आंबेडकरांनी फक्त सही केली; रावांचं नाव दाबलं आणि त्यांना परदेशी धाडून दिलं.

‘फक्त सही’ हा सगळ्यांत विषारी भाग. राव संविधान सभेचे सल्लागार होते, पहिला कच्चा मसुदा त्यांनीच केला, हे खरं. आपण त्यांना विसरलो, हेही खरं. पण त्या मसुद्यात कलमं होती २४३. मसुदा समितीनं सभेपुढे ठेवला त्यात ३१५ झाली, अखेरीस ३९५. दरम्यान सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. कलमामागून कलम उभं राहून त्यांना उत्तरं दिली ती आंबेडकरांनी. राव सभेचे सदस्यच नव्हते, बोलणार कुठून? समितीतल्या कुणी राजीनामा दिला, कुणाचं निधन झालं, कुणी परदेशी होतं, आणि भार एकट्या आंबेडकरांवर पडला, हे त्याच समितीतले टी. टी. कृष्णम्माचारी ५ नोव्हेंबर १९४८ला सभागृहात सांगून गेलेत.

आता नाव दाबल्याचं. वरचे सगळे आकडे आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणातले आहेत. त्याच भाषणात त्यांनी स्वतःहून सांगितलं, की मला दिलं जाणारं श्रेय खरं तर माझं नाही. त्यातला काही वाटा कच्चा मसुदा करणाऱ्या सर बी. एन. राव यांचा. त्याहून मोठा वाटा त्यांनी मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जींना दिला. मेसेज लिहिणाऱ्याला मुखर्जी कसे दिसले नाहीत? भाषण वाचलंच नाही, म्हणून.

राहिलं ‘परदेशी धाडलं’. राव संयुक्त राष्ट्रांत भारताचे प्रतिनिधी होते. जून १९५०मध्ये कोरियात युद्ध पेटलं तेव्हा सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. १९५२पासून ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश. तिथले न्यायाधीश आमसभा आणि सुरक्षा परिषद मतदानानं निवडतात. दिल्लीच्या हुकमानं ती खुर्ची मिळत नाही. १९५३मध्ये निधन होईपर्यंत ते त्या पदावर होते. याला हद्दपारी म्हणणं हा रावांचाच अपमान आहे.

भाचीनं ते पान फाडलं. नव्या भाषणात राव आहेत, मुखर्जीही आहेत.