अर्थमंत्री लठ्ठ्यांबद्दल अजून हवं होतं

संपादकसाहेब, तुमच्या अंकातला अण्णासाहेब लठ्ठ्यांवरचा लेख आवडला. कुरुंदवाडचा मुलगा, राजाराम कॉलेजात प्राध्यापक, मग बेळगावात वकिली, पुढे कोल्हापूरचे दिवाण, सगळं नीट आलंय. पण १९३७ ते ३९ मधलं मुंबई प्रांताचं अर्थमंत्रिपद दोन ओळींत उरकलंत, हे पटलं नाही. माणसाचा खरा कस तिथंच लागला की!

मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळानं दारूबंदी आणायची ठरवली. अबकारीचं, म्हणजे दारूवरच्या कराचं, एवढं मोठं उत्पन्न बुडणार, मग तिजोरी भरायची कशी? लठ्ठ्यांनी शहरांतल्या स्थावर मालमत्तेवर कर बसवला. मुंबईच्या घरमालकांनी केवढी ओरड केली, तरी ते मागं हटले नाहीत. कुरुंदवाडसारख्या गावातून आलेल्या वकिलानं मुंबईच्या धनिकांच्या खिशात हात घालायचा, याला छाती लागते. आजच्या किती आमदारांत आहे ती?

आणखी एक. शाहू महाराजांचं इंग्रजी चरित्र त्यांनी १९२४ साली, म्हणजे महाराज गेल्यावर दोनच वर्षांत लिहून काढलं. आमच्या कोल्हापुरात शाहूंचं नाव रोज घेतात, लठ्ठ्यांचं मात्र कुणी काढत नाही. पोरांना विचारा, सांगलीतल्या लठ्ठे एज्युकेशन सोसायटी या शिक्षणसंस्थेपलीकडं काही ठाऊक नसतं. संपादकसाहेब, त्यांच्या अंदाजपत्रकांवर स्वतंत्र लेख येऊ द्या.