यूएसबीवरून लिनक्स: आपल्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

नवे एसडी कार्ड घालून प्रणाली पुन्हा चढवणे सोपे असताना बंद पडलेल्या छोट्या संगणक-बोर्डावर लॅपटॉपवरून यूएसबी केबलने लिनक्स सुरू करण्याचा खटाटोप कशाला, आणि त्यात बोर्ड कायमचे निकामी झाले तर काय, असे आपले दोन आक्षेप आहेत.

कार्डाची खाच आहे आणि आतली माहिती गेली तरी चालेल, तिथे पहिला आक्षेप मला मान्य आहे. परंतु रावपुऱ्यातल्या ज्या छोट्या वाचनालयाच्या यंत्राविषयी मी आधी लिहिले, त्यात रास्पबेरी पायचे कम्प्यूट मॉड्यूल 4 (एका पट्टीवरचा छोटा संगणक) आहे आणि देवघेवीच्या नोंदी त्यावर डाखलेल्या ईएमएमसी या साठवणीच्या चिपमध्ये आहेत. ईएमएमसी असलेल्या या मॉड्यूलवर एसडी कार्ड चालतच नाही. ऐन पावसाळ्यात वीज जाऊन यंत्र बंद पडले, तेव्हा सभासदांच्या नोंदींची दुसरी प्रत कुठेही नव्हती. प्रणाली नव्याने चढवली असती तर त्या पुसल्याच गेल्या असत्या.

ईएमएमसीवरून सुरू होणे थांबवणारा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) बसवला की प्रोसेसरमधला बूट रॉम, म्हणजे चिपमध्येच कायमचा कोरलेला आरंभीचा प्रोग्राम, यूएसबीवर वाट पाहतो. लॅपटॉपवरचा आरपीआयबूट हा प्रोग्राम त्याला आधी बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम) आणि मग एक छोटे लिनक्स पाठवतो. हे लिनक्स केवळ रॅममध्ये चालते आणि ईएमएमसी लॅपटॉपला पेनड्राइव्हसारखी दाखवते. बूट रॉम पुसता येत नाही, त्यामुळे पाठवलेली फाइल चुकली तरी वीज बंद करून पुन्हा आरंभ करता येतो. ऑलविनर चिपच्या बोर्डांवरची ‘फेल’ (FEL) नावाची यूएसबीवरून सुरू होण्याची पद्धतही याच तत्त्वावर चालते. आपली भीती एका ठिकाणी मात्र खरी आहे: सिक्युअर बूटची (केवळ सही केलेली प्रणालीच सुरू होऊ देणाऱ्या सोयीची) किल्ली ओटीपीमध्ये, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या स्मृतीत, लिहिली की ती कधीच मागे घेता येत नाही, म्हणून दुरुस्तीच्या कामात त्या पर्यायाला हात लावू नये.

मला खरा धोका वेगळाच वाटतो. लॅपटॉप नवे ड्राइव्ह आपोआप माउंट करतो (वापरासाठी उघडतो), आणि ईएक्सटी4 ही लिनक्सची फाइल प्रणाली केवळ वाचण्यापुरती माउंट केली तरी जर्नलमधले, म्हणजे तिच्या बदलांच्या रोजनिशीतले, अपुरे राहिलेले बदल चिपवर लिहिले जाऊ शकतात. म्हणून स्वयंचलित माउंट आधी बंद करावे, डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने संपूर्ण चिपची प्रत घ्यावी, आणि फाइल प्रणाली तपासून दुरुस्त करणारा एफएसचेक (fsck) त्या प्रतीच्याही प्रतीवर चालवावे. नोंदी हाती आल्यावर आपण सुचवता तशी प्रणाली खुशाल नव्याने चढवावी. तीही याच केबलने चढते.