एएनए उतरला म्हणून ल्युपसच्या गोळ्या बंद करायच्या?

ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) असलेल्या माझ्या भाचीला घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला आणि तिने लगेच विचारलं, "मामा, मग गोळ्या थांबवू का?" फॉरवर्डचं म्हणणं असं: दर महिन्याला एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडींची रक्ततपासणी) करा, टायटर (त्या अँटिबॉडींची पातळी) उतरला की आजार उतरला, निगेटिव्ह आला की औषध बंद. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल म्हणजे ल्युपस शांत. लघवीची तपासणी फक्त किडनीवाल्यांना.

एएनए निदानासाठी असतो. आजार किती जोरात आहे, हे त्यावरून कळत नाही. सीरम (रक्ताचा पेशी काढलेला द्रव भाग) दुपटीने पातळ करत तपासतात, आणि शेवटी कुठवर अँटिबॉडी दिसतात तो टायटर: १:८०, १:१६०, १:३२०. त्यामुळे ६४० चा ३२० होणं म्हणजे एकच पायरी, आणि एवढा फरक तोच नमुना दुसऱ्या लॅबमध्ये दिला तरी पडतो. एवढ्यावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, म्हणजे ल्युपसची नेहमीची गोळी, बंद करायचं? आजार स्थिर असलेल्या ४७ रुग्णांवरचा कॅनडातला अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत गोळी चालू असलेल्या २५ पैकी ९ जणांचा आजार उसळला. गोळी काढून नुसती दिखाऊ गोळी दिलेल्या २२ पैकी १६ जणांचा. भाचीला मी हेच आकडे पाठवले.

रक्तातून काहीच कळत नाही असं नाही, एवढं मान्य. अँटी-डीएसडीएनए (डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडी) वाढणं आणि सी३, सी४ (रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं) घटणं याला अर्थ आहे. पण ल्युपस किती सक्रिय आहे हे मोजणाऱ्या 'स्लेडाय-२के' या गुणतक्त्याच्या २४ मुद्द्यांत या दोन्हींना मिळून फक्त ४ गुण आहेत; फिट किंवा व्हॅस्क्युलायटिसला (रक्तवाहिन्यांची सूज) प्रत्येकी ८. एएनए, सीआरपी आणि थकवा त्यात नाहीतच. आणि या तक्त्याचा आकडाही एकटा पुरत नाही: हिमोलिटिक ॲनिमियाला (लाल पेशी फुटून होणारा ॲनिमिया) त्यात जागाच नाही, म्हणून डॉक्टरांनी तपासणं आलंच.

सीआरपी तर ल्युपस भडकला तरी बऱ्याचदा नॉर्मल राहतो. तो खूप वाढला तर आधी जंतुसंसर्ग शोधावा लागतो.

सर्वात घातक सल्ला लघवीचा. किडनीला सूज आली तरी सुरुवातीला दुखत नाही, रक्तातलं क्रिएटिनिनही (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) नॉर्मल असू शकतं. म्हणून किडनी ठीक असलेल्यांनीही प्रत्येक तपासणीत रुटीन लघवी आणि लघवीतलाच प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो (किती प्रोटीन गळतंय ते) करावा. रेशो ०.५ च्या वर गेला तर पुन्हा करून खात्री करावी आणि डॉक्टरांना लगेच दाखवावं. नमुना सकाळचा, मधल्या धारेचा. पाळीच्या दिवसांत नको, लाल पेशी उगाच दिसतात. आणि तो ताजाच पोहोचवा, ठेवून दिला तर कास्ट (किडनीच्या सूक्ष्म नळ्यांत तयार होणारे साचे, किडनीच्या सुजेची खूण) विरघळतात.