केसपेपरवरचा पत्ता

कळव्यात माझा दवाखाना आहे. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात एका आठवड्यात काविळीची तीन मुले आली. तिघांचेही डोळे पिवळे, अन्नावरची वासना गेलेली. तपासण्या केल्या, आराम आणि हलका आहार सांगितला, धोक्याची लक्षणे आईवडिलांना समजावली. चौथ्या मुलाची आई म्हणाली, "डॉक्टर, आमच्याच चाळीतला पोरगा परवा तुमच्याकडे येऊन गेला ना?" तेव्हा कुठे मी जुने केसपेपर काढून पत्ते पाहिले. चारही मुले एकाच गल्लीतली होती.

संध्याकाळी तिथे गेलो. नळाची जोडणी उघड्या गटारातून गेलेली, सांध्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली आणि पाण्याला दाब नाही म्हणून घरोघरी थेट लाइनीवर मोटारी बसवलेल्या. मोटर सुरू झाली की फटीतून गटाराचे पाणी आत खेचले जाते. अशा दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस ए चा, विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत साधारण चार आठवडे जातात. म्हणजे पहिले मूल माझ्यासमोर बसले होते, तेव्हा त्या गल्लीतल्या कितीतरी घरांत तेच पाणी महिनाभर प्यायले गेले होते. हे मला त्याच दिवशी सुचायला हवे होते. काविळीची कारणे मला तोंडपाठ होती, पण पत्ता हासुद्धा निदानाचा भाग आहे, हे शिकताना माझ्या अंगवळणी पडले नव्हते.

म्हणूनच फॅमिली मेडिसिनच्या, म्हणजे कुटुंबाचा डॉक्टर घडवणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, तीन वर्षांच्या निवासी प्रशिक्षणात सार्वजनिक आरोग्य हे एक पोस्टिंग म्हणून उरकले जाऊ नये, ते पहिल्या दिवसापासून ओपीडीत मुरलेले असावे, असे माझे ठाम मत आहे. देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्या भोर समितीने 1946 सालीच डॉक्टरांना प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यावे, असे सुचवले होते. आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावे लागते, हे चांगलेच आहे. मात्र रुग्णालय जिल्ह्याचे असले तरी तिथे भेटतो तो दारात आलेलाच रुग्ण. जो आलाच नाही, त्याची मोजदाद कोण करणार? इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या एका खोऱ्यात विल्यम पिकल्स नावाच्या गावच्या डॉक्टरांनी गेल्या शतकात कोण कोणाला कधी भेटले याच्या नोंदी ठेवून साथीच्या काविळीचा अधिशयन काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, शोधला. त्यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती, प्रत्येक घराची ओळख मात्र होती.

प्रत्येक निवासी डॉक्टरकडे तीनही वर्षे एकाच वस्तीतली ठरावीक कुटुंबे असावीत. नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या दगडखाणींजवळची वस्ती घ्या. तिथल्या खोकल्याला औषध देताना दगड फोडताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने क्षयरोगाचा धोका वाढतो, हे त्या तरुण डॉक्टरने खाणीच्या कडेला उभे राहून पाहिलेले असावे. क्षयरोगाची नोंदणी 2012 पासून सक्तीची आहे. ती नोंद निक्षय या सरकारी क्षयरोग पोर्टलवर त्याने स्वतः करावी आणि मग आशाताईंबरोबर त्या घरी जाऊन लहान मुलांची तपासणीही करावी. रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच सोडलेली माणसे त्याच्या यादीत नावानिशी असावीत. अंतिम परीक्षेत एका साथीचा स्वतः केलेला शोध मांडणे बंधनकारक केले, तर हे काम कोणी टाळणार नाही.

निवासी डॉक्टरांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप खरा आहे. त्यामुळे हे काम ड्यूटीवर चढवून चालणार नाही, वॉर्डातले काही तास कमी करूनच ते बसवावे लागेल. शिकवण्यासाठी कम्युनिटी मेडिसिनचे, म्हणजे सार्वजनिक आरोग्य शिकवणारे, प्राध्यापक आणि फॅमिली फिजिशियन एकाच ओपीडीत शेजारी बसायला हवेत. आज हे दोघे एकमेकांना क्वचितच भेटतात.

ठाणे आणि नवी मुंबईत वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या हाकेच्या अंतरावर वस्त्याही आहेत. एखाद्या महाविद्यालयाने एका वॉर्डापासून सुरुवात करायचे ठरवले, तर माझ्या दवाखान्यातला एक वार आणि शिकवण्यासाठी माझा रविवार द्यायला मी तयार आहे.